पाकिस्तानातील ईशनिंदेचे आरोप आणि जमावाचा 'न्याय' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकिस्तानात ईशनिंदेच्या आरोपावरून एखाद्याला ठेचून मारल्याची बातमी आली की वाचकांकडून साधारण तेच प्रश्न येतात. ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल.

१. पाकिस्तानातला ईशनिंदेचा कायदा नेमका काय सांगतो?

'ईशनिंदा कायदा' नावाचा स्वतंत्र कायदा नाही. पाकिस्तान दंड संहितेतील काही कलमांना मिळून हे नाव पडले आहे. त्यांतील तीन कलमे महत्त्वाची आहेत. कलम २९५-अ नुसार कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने दुखावणे हा गुन्हा आहे. कलम २९५-ब नुसार कुराणाच्या प्रतीची विटंबना केल्यास जन्मठेप होते. कलम २९५-क प्रेषित मुहंमदांच्या अवमानाविषयी आहे आणि त्याला मृत्युदंड आहे. या कलमाच्या शब्दांत जन्मठेपेचाही पर्याय होता. परंतु फेडरल शरियत न्यायालयाने १९९० मध्ये तो इस्लामशी विसंगत ठरवला आणि तेव्हापासून मृत्युदंड हीच एकमेव शिक्षा मानली जाते.

खरी मेख हेतूच्या प्रश्नात आहे. २९५-अ मध्ये हेतू सिद्ध करावा लागतो. २९५-क मध्ये हेतूचा उल्लेखच नाही. उलट बोललेले वा लिहिलेले शब्द, चित्र, आडून केलेली सूचना, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आरोप असे सगळेच त्याच्या कक्षेत येते. शिक्षा जितकी कठोर तितकी गुन्ह्याची व्याख्या काटेकोर असावी, हा फौजदारी कायद्याचा साधा नियम येथे नेमका उलटा झाला आहे.

२. हा कायदा इंग्रजांनी केला की झिया-उल-हक यांनी?

पाया इंग्रजांचा आणि वरचे मजले झियांचे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत प्रार्थनास्थळांची विटंबना आणि धार्मिक भावना दुखावणे यांविषयीची कलमे होती. १९२० च्या दशकात लाहोरमध्ये प्रेषितांविषयी एक आक्षेपार्ह पुस्तिका निघाली. तिचे प्रकाशक राजपाल यांना उच्च न्यायालयाने तत्कालीन कायद्यानुसार हा गुन्हा ठरत नाही म्हणून सोडले, तेव्हा उसळलेल्या संतापानंतर १९२७ मध्ये २९५-अ हे कलम घालण्यात आले. त्याने राजपाल यांचा जीव वाचला नाही. एप्रिल १९२९ मध्ये इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने त्यांचा खून केला आणि त्याच वर्षी तो फासावर गेला. त्याच्या अपिलात मुहंमद अली जीना यांनी बाजू मांडली होती. इल्मुद्दीनला आजही पाकिस्तानात 'गाझी' म्हणजे धर्मवीर म्हणून गौरवले जाते.

असाच दुसरा खून १९३४ मध्ये कराचीत झाला. नथुरामल शर्मा यांना भर न्यायालयात, स्वतःच्या अपिलाच्या सुनावणीची वाट पाहत बसलेले असताना, भोसकण्यात आले. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात या दोन्ही खुनांची नोंद केली आहे. मारेकऱ्याला वीर ठरवण्याची रीत झियांच्याही आधीची आहे, हे लक्षात घेतलेले बरे.

तरीही फाळणीनंतर पहिली तीन-साडेतीन दशके असे खटले अगदी नगण्य होते. झियांच्या लष्करी राजवटीत १९८० ते १९८६ या काळात एकामागून एक नवी कलमे आली : २९८-अ, २९५-ब, अहमदियांविरुद्धची (स्वतःला मुस्लिम मानणारा, पण पाकिस्तानात बिगरमुस्लिम ठरवलेला पंथ) २९८-ब व २९८-क, आणि शेवटी २९५-क. त्यानंतर आरोपींची संख्या दोन हजारांच्या पलीकडे गेली आहे.

३. आजवर किती जणांना फाशी झाली?

एकालाही नाही. कनिष्ठ न्यायालयांनी अनेकांना मृत्युदंड ठोठावला आहे आणि बरेच जण वर्षानुवर्षे फाशीच्या कोठडीत राहिले आहेत. परंतु ईशनिंदेसाठी राज्ययंत्रणेने अद्याप कोणालाही फासावर चढवलेले नाही. वरच्या न्यायालयांत पोहोचलेली प्रकरणे बहुधा पुराव्याअभावी कोसळतात. न्यायालयाबाहेर मात्र आरोपी, त्यांचे नातेवाईक, वकील आणि एक न्यायाधीश धरून अनेक डझन माणसे मारली गेली आहेत. म्हणजे शिक्षेची अंमलबजावणी होते. ती आरोप झाल्यापासून काही तासांत होते आणि करणारे दुसरेच असतात.

४. जमाव अचानक कसा जमतो? लोक इतके संतापतात का?

'उत्स्फूर्त संताप' हे स्पष्टीकरण सर्वांच्या सोयीचे असते, कारण त्यात कोणीच जबाबदार ठरत नाही. प्रत्यक्ष प्रकरणे पाहिली तर जमाव जमत नाही, जमवला जातो, असेच दिसते. आधी एखादे जुने भांडण असते. त्यातून आरोप निघतो. मग मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून किंवा हल्ली मोबाइलवरील चित्रफितीतून पुकारा होतो. 'गुस्ताख' (प्रेषितांचा अवमान करणारा) हा शब्द एकदा उच्चारला गेला की पुढे कोणी पुरावा विचारत नाही, कारण विचारणाराही त्याच रांगेत जाऊन उभा राहतो.

मर्दानच्या अब्दुल वली खान विद्यापीठात १३ एप्रिल २०१७ रोजी मशाल खान या पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात सहाध्यायांच्या जमावाने मारले. तो विद्यापीठ प्रशासनाच्या कारभारावर उघड टीका करत असे. संयुक्त तपास पथकाला त्याने ईशनिंदा केल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही; उलट हत्या पूर्वनियोजित असल्याचा निष्कर्ष पथकाने काढला. हे कोणी निरक्षर खेडूत नव्हते, विद्यापीठातले विद्यार्थी आणि कर्मचारी होते.

सियालकोटच्या एका कारखान्यातील श्रीलंकन व्यवस्थापक प्रियंथा कुमारा यांनी यंत्रांवर चिकटवलेले धार्मिक मजकुराचे कागद काढले. परदेशी पाहुणे येणार म्हणून साफसफाई चालली होती. त्यांच्या कडक शिस्तीमुळे काही कामगार आधीच नाराज होते. ३ डिसेंबर २०२१ रोजी शेकडोंच्या जमावाने त्यांना मारून मृतदेह रस्त्यावर जाळला आणि अनेकांनी त्यासमोर सेल्फी काढल्या. मलिक अदनान हा त्यांचा सहकारी एकटा त्यांच्यावर आडवा पडून मार झेलत राहिला. त्याला पुढे शौर्यपदक देण्यात आले.

कोट राधाकिशन येथे नोव्हेंबर २०१४ मध्ये वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका ख्रिश्चन दांपत्याला जमावाने मारून जाळले. पत्नी गरोदर होती. त्यातही आसपासच्या गावांत ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाल्या होत्या आणि मागे भट्टीवरच्या उसनवारीचा वाद असल्याचे सांगितले गेले.

५. आरोप करणाऱ्याला काय मिळते? आरोप खोटा निघाला तर त्याला शिक्षा नाही का?

मिळते ते साधेच असते : शेजाऱ्याची जागा, प्रतिस्पर्ध्याचे दुकान, नोकरीतला अडसर दूर होणे, जुन्या अपमानाचा सूड. लाहोरच्या जोसेफ कॉलनीत मार्च २०१३ मध्ये शंभराहून अधिक ख्रिश्चन घरे जळाली. त्याची सुरुवात दोन मित्रांच्या भांडणातून झाली होती, त्यांतला एक ख्रिश्चन आणि एक मुस्लिम. पोलिसांनी आदल्या संध्याकाळीच वस्ती रिकामी करवली होती. त्यामुळे जीव वाचले, घरे मात्र जमावाच्या हाती मोकळी सापडली.

खोटी फिर्याद आणि खोटा पुरावा यांसाठी दंड संहितेत कलमे आहेत, पण ती या प्रकरणांत क्वचितच वापरली जातात. २०१२ मध्ये इस्लामाबादजवळ रिम्शा मसीह या अल्पवयीन मुलीवर कुराणाची पाने जाळल्याचा आरोप झाला. पुढे स्थानिक इमामानेच तिच्या पिशवीत पाने टाकल्याची साक्ष निघाली आणि उच्च न्यायालयाने तिच्यावरील गुन्हा रद्द केला. इमामाविरुद्धच्या खटल्यात मात्र साक्षीदार फिरले आणि तो सुटला. मुलीच्या कुटुंबाला कॅनडात आश्रय घ्यावा लागला.

६. बळी फक्त हिंदू आणि ख्रिश्चन असतात ना?

नाही. संख्येने पाहिल्यास जवळपास निम्मे आरोपी मुस्लिमच आहेत आणि जमावाकडून मारल्या गेलेल्यांतही मुस्लिम मोठ्या संख्येने आहेत. मशाल खान मुस्लिम होता. जून २०२४ मध्ये स्वातच्या मदयन गावात पोलिस ठाण्यातून ओढून काढून ज्या पर्यटकाला मारले, तोही मुस्लिम होता.

पण एवढ्यावर थांबले तर चित्र अर्धवट राहते. ख्रिश्चनांचे लोकसंख्येतील प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी आहे, पण आरोपींतील त्यांचे प्रमाण त्याच्या कित्येक पट आहे. अहमदियांचे तर त्याहूनही विषम. शिवाय मुस्लिमावर आरोप झाला तर त्या माणसावर हल्ला होतो. ख्रिश्चनावर झाला तर सगळी वस्ती पेटते. १६ ऑगस्ट २०२३ रोजी फैसलाबाद जिल्ह्यातील जरांवालात दोन भावांवरील आरोपावरून वीसहून अधिक चर्च आणि अनेक घरे जाळण्यात आली. ते दोघे वैयक्तिक वैरातून गोवले गेल्याचे पुढे पोलिसांनीच सांगितले. हिंदूंच्या बाबतीत २०२१ चे भोंग येथील प्रकरण बोलके आहे : आरोपी आठ वर्षांचा मुलगा होता आणि फुटले ते गणेश मंदिर. सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतल्यावर सरकारने ते पुन्हा बांधून दिले.

७. आसिया बीबी प्रकरण एवढे का गाजले?

कारण एका पाण्याच्या भांड्यावरून झालेला वाद राज्यपालाच्या आणि केंद्रीय मंत्र्याच्या खुनापर्यंत गेला. जून २००९ मध्ये पंजाबच्या शेखूपुरा भागातील एका गावात फालसे तोडणाऱ्या मजूर बायकांत आसिया ही एकटी ख्रिश्चन होती. तिने आणलेले पाणी पिण्यास इतर दोघींनी नकार दिला आणि वादावादी झाली. पंजाबातील बहुसंख्य ख्रिश्चन हे धर्मांतरित अस्पृश्य जातींचे वंशज आहेत. पाण्यावरून झालेल्या या भांडणाचे मूळ महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

फिर्याद पाच दिवसांनी दाखल झाली आणि ती देणारा इमाम प्रसंगाच्या वेळी तेथे हजर नव्हता. नोव्हेंबर २०१० मध्ये तिला मृत्युदंड झाला. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर तिला तुरुंगात भेटले आणि कायद्यावर त्यांनी जाहीर टीका केली. ४ जानेवारी २०११ रोजी त्यांचाच अंगरक्षक मुमताज कादरी याने इस्लामाबादेत त्यांना गोळ्या घातल्या. न्यायालयात आणलेल्या कादरीवर वकिलांनी गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. दोन महिन्यांनी अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शाहबाज भट्टी मारले गेले.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसियाला निर्दोष सोडले. साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि तिने कबुली दिल्याचे सांगितल्या गेलेल्या सभेला किती लोक होते याविषयीही एकमत नाही, हे न्यायाधीशांनी बारकाईने दाखवले. हे सगळे २०१० मध्येही दिसत होते. ते मान्य व्हायला आठ वर्षे लागली.

८. निर्दोष सुटल्यावर माणूस घरी जाऊ शकतो का?

बहुधा नाही. आसियाच्या सुटकेविरुद्ध देशभर रस्ते रोखले गेले, फेरविचार याचिका जानेवारी २०१९ मध्ये फेटाळली गेली आणि मे महिन्यात ती कॅनडाला पोहोचली. जरांवालाचे दोघे भाऊही सुटले. पण सुटका म्हणजे न्यायालयाने दिलेला कागद. गावात तो कोणी वाचत नाही.

९. आरोपीला वकील मिळतो का? न्यायाधीश निर्भयपणे निकाल देतात का?

वकील मिळणे अवघड असते आणि मिळाला तर तोही आरोपीच्या पंगतीत बसवला जातो. मुलतानचे वकील राशिद रहमान यांनी विद्यापीठातील व्याख्याते जुनैद हफीज यांचा खटला घेतला. त्यांना न्यायालयातच धमक्या मिळाल्या आणि मे २०१४ मध्ये त्यांच्या कार्यालयात त्यांचा खून झाला. जुनैद २०१३ पासून तुरुंगात आहेत. खटल्यात न्यायाधीश अनेकदा बदलले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना मृत्युदंड झाला. लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी यांनी १९९५ मध्ये दोन ख्रिश्चन आरोपींना सोडले होते. १९९७ मध्ये त्यांची हत्या झाली. कनिष्ठ न्यायाधीश दोषी ठरवून मोकळे होतात आणि निर्दोष ठरवण्याची जोखीम वर सरकवतात, त्यामागे ही भीती आहे.

१०. पोलिस काय करतात?

सगळेच एकसारखे वागत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाहोरच्या इछरा बाजारात एका स्त्रीच्या कपड्यांवरील अरबी अक्षरे कुराणातील आहेत असे समजून जमाव जमला. मजकूर प्रत्यक्षात 'हलवा' (अरबीत 'गोड', 'सुंदर') असा होता. शहरबानो नक्वी या तरुण पोलिस अधिकारी जमावासमोर उभ्या राहून तिला सुखरूप बाहेर घेऊन गेल्या. तरीही त्या स्त्रीला नंतर माफी मागावी लागली. कशाबद्दल, ते कोणी सांगितले नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात अगदी उलटे घडले. क्वेट्टात कोठडीतल्या आरोपीला पोलिसानेच गोळी घातली. आठवडाभरात सिंधमधील उमरकोटच्या एका डॉक्टरला पोलिसांनी 'चकमकीत' मारले, संबंधित पोलिसांना हार घालण्यात आले आणि जमावाने डॉक्टरचा मृतदेहही जाळला. ही चकमक बनावट होती, असे सिंध सरकारच्या चौकशीत आढळले. जमाव ठाण्याबाहेर असतो तोवर पोलिस हा अडथळा असतो. येथे तो अडथळाच मारेकरी झाला.

कागदोपत्री एक संरक्षण आहे : २००४ च्या दुरुस्तीनुसार २९५-क चा तपास पोलिस अधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने करू नये. गुन्हा नोंदवण्यासाठी ठाण्याला वेढा पडलेला असताना ही तरतूद फारशी उपयोगी पडत नाही.

११. जमावातील लोकांना शिक्षा होते का?

होते, पण कोण मारला गेला आणि बाहेरचे जग पाहत होते का, यावर पुष्कळ अवलंबून असते. प्रियंथा कुमारा परदेशी नागरिक होते. पाच महिन्यांत दहशतवादविरोधी न्यायालयाने ८८ जणांना दोषी ठरवले आणि त्यांतल्या सहा जणांना मृत्युदंड दिला. मशाल खान प्रकरणात एकाला मृत्युदंड झाला, तोही पुढे जन्मठेपेवर आला. जोसेफ कॉलनीत मात्र जाळपोळीचे ११५ आरोपी २०१७ मध्ये पुराव्याअभावी सुटले, आणि ज्याच्यावरच्या आरोपामुळे वस्ती जळाली तो ख्रिश्चन माणूस मृत्युदंडाच्या छायेत २०२० पर्यंत तुरुंगात राहिला.

येथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. पाकिस्तानच्या किसास व दियत (जशास तशी शिक्षा व रक्तमूल्य) कायद्यानुसार मृताचे वारस खुन्याला क्षमा करू शकतात आणि या वारसांवर समाजाचा दबाव सहज येतो. क्वेट्टातील पोलिसाला मृताच्या नातेवाइकांनी जाहीर माफी दिली. दहशतवादविरोधी कायद्याखालील गुन्हा मात्र अशा तडजोडीने मिटत नाही. म्हणूनच खटला कोणत्या न्यायालयात चालतो, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

१२. इस्लाममध्येच ही शिक्षा सांगितली आहे, मग जमावाला दोष का द्यायचा?

दोन वेगळे प्रश्न येथे एकत्र केले जातात. शिक्षा कोणती याविषयी फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या, परंपरांत मतभेद आहेत. पाकिस्तानात बहुसंख्य असलेल्या हनफी परंपरेत पश्चात्तापाला आणि बिगरमुस्लिम आरोपीला दिली जाणारी वागणूक २९५-क पेक्षा बरीच सौम्य असल्याचे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. जावेद अहमद गामिदी यांच्यासारखे विद्वान या कायद्याला कुराणाचा आधारच नाही असे मांडतात. धमक्यांमुळे त्यांना २०१० मध्ये देश सोडावा लागला.

शिक्षा कोणी द्यायची, हा दुसरा प्रश्न. त्यावर मतभेद फारच कमी आहेत : तो अधिकार राज्याचा. २०१८ च्या 'पैगाम-ए-पाकिस्तान' या निवेदनावर अठराशेहून अधिक उलेमांनी सह्या केल्या आणि खाजगी बळाने शरियत लादणे निषिद्ध ठरवले. पण व्यासपीठावरून कादरीला 'गाझी' म्हणायचे आणि निवेदनावर सही करून कायदा हाती घेऊ नका म्हणायचे, असे दोन्ही करणारेही काही कमी नाहीत. ऐकणारा त्यांतले काय उचलतो, हे दिसतेच आहे.

१३. 'तहरीक-ए-लब्बैक' म्हणजे तालिबानसारखीच संघटना का?

नाही, आणि हा फरक अनेकांना अनपेक्षित वाटतो. तालिबान देवबंदी या मदरशांत रुजलेल्या कर्मठ परंपरेतले. 'लब्बैक' ही ईशनिंदा कायद्याच्या रक्षणासाठी निवडणुकाही लढवणारी संघटना बरेलवी परंपरेतली, म्हणजे दर्गे, उरूस, कव्वाली मानणाऱ्या, 'सौम्य' समजल्या जाणाऱ्या प्रवाहातली. खादिम हुसेन रिझवी यांनी कादरीच्या समर्थनातून ती उभी केली. २०१६ मध्ये कादरीला फाशी झाल्यावर तिचे बळ वाढले. २०१७ मध्ये तिने इस्लामाबादच्या फैझाबाद नाक्यावर धरणे धरून कायदामंत्र्याला राजीनामा द्यायला लावला आणि २०१८ च्या निवडणुकीत वीस लाखांहून अधिक मते मिळवली. तिच्यावर एप्रिल २०२१ मध्ये बंदी आली, त्याच वर्षी ती उठवली गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा लादली गेली. मदरशांतील 'अतिरेकी' विरुद्ध दर्ग्यांतील 'सहिष्णू' अशी सरळ विभागणी येथे लागू पडत नाही.

१४. अलीकडे समाजमाध्यमांवरील प्रकरणे वाढली आहेत, हे खरे का?

खरे आहे आणि वाढ चक्रावणारी आहे. पाकिस्तानच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या अहवालानुसार या आरोपाखाली तुरुंगात असलेल्यांची संख्या २०२० मध्ये ११ होती. जुलै २०२४ मध्ये ती ७६७ झाली. त्यांत तरुण मुलगे बहुसंख्य आहेत. त्यांना व्हॉट्सअॅप गटांत ओढायचे, आक्षेपार्ह मजकूर पुढे पाठवायला लावायचा आणि मग तक्रार करायची, अशी पद्धत वापरणाऱ्या टोळ्यांविषयी पंजाब पोलिसांच्या विशेष शाखेनेही इशारा दिला होता. जुलै २०२५ मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमण्याचा आदेश दिला. काही दिवसांतच खंडपीठाने त्याला स्थगिती दिली.

१५. कायदा बदलत का नाहीत?

प्रयत्न झाले. जनरल मुशर्रफ यांनी २००० मध्ये फक्त गुन्हा नोंदवण्याची पद्धत बदलायचे ठरवले आणि महिन्याभरात माघार घेतली. लष्करशहाही मागे हटला, एवढ्यावरून विरोधाची ताकद कळावी. खासदार शेरी रहमान यांनी २०१० मध्ये मांडलेले दुरुस्ती विधेयक तासीर यांच्या खुनानंतर मागे घ्यावे लागले.

१६. भारतातही २९५-अ आहे आणि जमाव येथेही माणसे मारतो. मग फरक काय?

२९५-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे; त्याला कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे आणि हेतू सिद्ध करावा लागतो. २९५-क सारखे कलम भारतात नाही. जमावाची रीत मात्र ओळखीची आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मारले गेले. त्यामागेही मोबाइलवर फिरलेली अफवा होती. फरक हा की राईनपाड्याच्या मारेकऱ्यांना शौर्याचा दाखला देणारे कलम किंवा पक्ष नव्हता. धर्माच्या किंवा गोरक्षणाच्या नावावर झालेल्या हत्यांतील आरोपींचे हारतुरे घालून स्वागत झाल्याची उदाहरणे मात्र भारतातही आहेत, आणि तेथे हा फरक पुसट होतो.

१७. कायद्यावर टीका करणे हीच ईशनिंदा ठरते का?

कादरीचा बचाव हाच होता : तासीर यांनी कायद्याला 'काळा कायदा' म्हटले, म्हणून ते स्वतःच निंदक. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये हा बचाव फेटाळला. माणसांनी केलेल्या कायद्यातील उणिवा दाखवणे म्हणजे ईशनिंदा नव्हे, असे स्पष्ट केले. पाच महिन्यांच्या आत कादरीला फाशी झाली. त्याच्या अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली आणि इस्लामाबादजवळच्या त्याच्या कबरीवर आता दर्गा आहे.

१८. आरोपी नेमके काय बोलला, हे बातम्यांत कधीच का नसते?

कारण ते शब्द पुन्हा उच्चारणे वा छापणे हीदेखील ईशनिंदा ठरू शकते. वृत्तपत्रे म्हणून ते टाळतात. फिर्यादीतही अनेकदा 'अवमानकारक शब्द' एवढेच लिहिलेले असते आणि साक्षीदार ते न्यायालयात सांगायला कचरतात. जरांवालाच्या घटनेनंतर विटंबना झालेल्या पानाचे छायाचित्र टिकटॉकवर पुन्हा टाकल्याबद्दल दुसऱ्याच एका ख्रिश्चन तरुणाला २०२४ मध्ये मृत्युदंड झाला. परिणामी ज्या मजकुरासाठी मृत्युदंड मागितला जातो, तो कोणी धडपणे तपासलेलाच नसतो, आणि आरोपीच्या वकिलाला उलटतपासणी करताना मूळ वाक्याभोवती घिरट्या घालाव्या लागतात.